तारांच्या चाकाचे स्पोक पुन्हा पुन्हा ढिले पडतात, चाक आउट होतं: कारणं आणि उपाय

मॉडेल गाडीचं चाक जिगवरून, म्हणजे जुळणीच्या साच्यावरून, उतरवलं तेव्हा सरळ होतं. दुसऱ्या दिवशी दोन-तीन स्पोकना बाक आलेला दिसतो. रंग मारल्यावर आणखी काही वाकतात आणि टायर चढवला की चाक डुलायला लागतं, म्हणजेच आउट होतं. ढिल्या स्पोकवर सुपर ग्लूचा थेंब टाकून वेळ मारून नेली, तर आठवड्याभरात शेजारचे स्पोक तेच रडगाणं सुरू करतात. १९३०च्या दशकातल्या ग्रां प्री गाड्या किंवा १९५४ची मासेराती २५०एफ यांची मॉडेलं किटशिवाय, स्क्रॅचमधून बनवणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. हात सफाईदार असूनही असं होतं, कारण गडबड बहुतेक वेळा स्पोक दोन्ही टोकांना कधी आणि कसा अडकवला यात असते.

खालची मापं १/२४ स्केलची, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शाची, आहेत. १/१२ साठी लांबीची मापं दुप्पट करा. जिथे नुसतं दुप्पट करून भागत नाही तिथे तसं लिहिलं आहे. आणि गाडी बुगाटी टाइप ३५ असेल तर यातलं काहीच लागणार नाही. १९२४ सालची ती गाडी ओतीव अॅल्युमिनियमच्या आठ चपट्या आऱ्यांच्या चाकांवर आली. ते काम स्टायरीन या प्लास्टिकची शीट आणि कानस यांचं आहे.

आधी आउट कुठून येतोय ते शोधा

हबच्या भोकात घट्ट बसणारा सरळ स्टीलचा रॉड घ्या, त्यावर चाक बसवा, रॉड दोन व्ही खाचांमध्ये ठेवा. रिमच्या कडेला जेमतेम न टेकणारी सुई कशावर तरी पक्की करा आणि चाक बोटाने हळू फिरवा. सुई आणि रिम यांमधली फट एका फेऱ्यात किती वेळा कमी-जास्त होते ते मोजा. निदानाचा सगळा भार या आकड्यावर आहे.

फट वर-खाली, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने, फेऱ्यात एकदाच बदलत असेल तर हब मधोमध नाही. दोनदा बदलत असेल तर रिमच अंडाकृती आहे आणि स्पोकशी कितीही खेळलात तरी फरक पडणार नाही. बाजूची फट एकदाच बदलत असेल तर हब तिरका चिकटलाय. बाजूला तीन-चार ठिकाणी अनियमित हेलकावे दिसत असतील, तर काही स्पोक रिमला ओढतायत किंवा ढकलतायत.

१/२४ मध्ये कडेला ०.१ मिमीचा डोल म्हणजे खऱ्या चाकात २.४ मिमी. तेवढा चालेल, टायर चढल्यावर कोणाच्या लक्षात येत नाही. ०.२५ मिमीच्या पुढे मात्र गाडी शेल्फवर उभी असतानाही चाक वेडंवाकडं दिसतं, कारण पुढची दोन्ही चाकं एकाच नजरेत येतात.

स्पोक का वाकतो: हिशेब करून बघा

दोन टोकं पक्की असलेल्या तारेला जागेपेक्षा जराशी जास्त लांबी मिळाली की ती बाजूला फुगते, आणि ती फूग जादा लांबीच्या मानाने फार मोठी असते. ढोबळ सूत्र असं: स्पोकची लांबी गुणिले जादा लांबी, त्याचं वर्गमूळ, गुणिले ०.६१. स्पोक ६.६ मिमीचा असेल आणि फक्त ०.०१ मिमी लांब कापला गेला असेल, तर मधला बाक ०.१६ मिमी येतो. ०.०३ मिमी लांब असेल तर ०.२७ मिमी. या स्केलला स्पोकची जाडीच ०.१७ मिमीच्या आसपास असते, म्हणजे बाक तारेच्या जाडीएवढा किंवा त्याहून मोठा. डोळ्याला तो लगेच खुपतो.

०.०१ मिमीच्या अचूकतेने एका चाकाचे, समजा, ४८ तुकडे कापणं व्हर्निअरने शक्य नाही. म्हणून मोजून कापलेले स्पोक रिम आणि हबच्या मध्ये बसवायची पद्धत मुळातच चुकीची आहे, कितीही शिकवणींमध्ये ती दाखवलेली असली तरी. स्पोकचं एक टोक हबला पक्कं करायचं, दुसरं रिमच्या भोकातून आरपार बाहेर काढायचं, ताणून धरायचं, मग तिथे चिकटवायचं आणि शेपूट सगळ्यात शेवटी छाटायचं. लांबी आपोआप बरोबर येते.

तरी अंदाजे लांबी काढून ठेवावी, तार वाया जात नाही. रिमची आतली त्रिज्या आणि हबच्या कडीची (जिच्या भोकांत स्पोक अडकतात तिची) त्रिज्या यांचे वर्ग मिळवा. त्यातून दोन्ही त्रिज्यांच्या गुणाकाराची दुप्पट गुणिले स्पोकच्या हबमधल्या आणि रिममधल्या भोकांमधल्या कोनाची कोसाइन वजा करा. मग हबची कडी आणि रिमची भोकं यांतल्या आडव्या अंतराचा वर्ग मिळवून वर्गमूळ काढा. सायकलच्या चाकाचंच हे गणित. रिम ७.८, हब २.२, कोन ४५ अंश आणि आडवं अंतर १.५ मिमी धरलं तर ६.६ मिमी येतात. आडवं अंतर ३ मिमी असेल तर ७.१. यावर शेपटासाठी किमान १५ मिमी जादा ठेवा.

आता तुमच्या चाकात लांबी जादा कुठून आली ते पाहू.

*सोल्डरची उष्णता.* पितळी रिम, पितळी हब आणि स्टीलची तार, सगळं टिन-लेडच्या ६३/३७ सोल्डरने जोडलंय अशी कल्पना करा. हे सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला गोठतं. तिथून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पितळ स्टीलपेक्षा जास्त आकसतं: पितळाचा प्रसरणांक सुमारे १९, साध्या स्टीलचा १२, स्टेनलेसचा १७, दर अंशाला दहा लाखांत. ६.६ मिमीच्या स्पोकसाठी पितळ आणि साधं स्टील यांत ०.००७ मिमीचा फरक पडतो आणि बाक निघतो सुमारे ०.१३ मिमी. गरम असताना ताठ दिसणारं चाक थंड झाल्यावर मऊ पडतं ते यामुळे. रिम जास्त तापली आणि स्पोक थंड राहिले तर आणखी वाईट.

ताण देऊन हे भरून काढता येईल का? ०.२ मिमीच्या तारेला तेवढं लांबवायला दर स्पोकमागे सुमारे ७०० ग्रॅमचा ओढा लागेल. ४८ स्पोकचा मिळून ३० किलोच्या वर जातो. रिम चुरगळेल. तेव्हा उष्णता टाळणं हाच मार्ग. पितळी रिमला पितळी तार किंवा जर्मन सिल्व्हरची तार वापरा, किंवा स्टेनलेस घ्या. पियानो वायर आणि गिटारची तार सोल्डरच्या कामाला नको. ५८ टक्के बिस्मथ आणि ४२ टक्के टिनचं सोल्डर १३८ अंशांना वितळतं, त्याने फरक साधारण तीस टक्क्यांनी कमी होतो. ७० अंशांचं सोल्डरही मिळतं, पण ते उघड्या पितळाला धरत नाही. आधी दुसऱ्या सोल्डरचा पातळ थर द्यावा लागतो. शिवाय त्यात शिसं आणि बहुधा कॅडमियम असतं, खिडकी उघडी ठेवा. स्टेनलेसला रोझिनचा फ्लक्स चालत नाही, फॉस्फोरिक अॅसिडचा लागतो, आणि काम झाल्यावर चाक गरम पाण्यात घासून धुवायला लागतं. तो राहिला तर महिन्याभरात पितळावर हिरवट डाग उमटतात.

मत विचाराल तर १/२४ मध्ये सोल्डर करूच नका. सावकाश बसणारं इपॉक्सी आणि पातळ सुपर ग्लू यांवर हे चाक सहज उभं राहतं. १/१२ आणि १/८ मध्ये हबच्या बाजूला सोल्डर आणि रिमच्या बाजूला इपॉक्सी ही जोडी चांगली.

*तारेतला मूळचा बाक.* रिळावरची तार सरळ नसते, सरळ दिसते. मऊ पितळी किंवा जर्मन सिल्व्हरची तार एक टोक शेगड्यात धरून दुसरीकडून पक्कडीने ओढा, जरा लांबल्याचं हाताला कळलं की थांबा. ३०० मिमीची तार ३-४ मिमी लांबली की बाक पूर्ण जातो. स्प्रिंग स्टीलवर ही युक्ती चालत नाही, ते परत गोल होतं. त्यासाठी सरळ तुकड्यांत मिळणारी तारच घ्या.

*नायलॉन.* मासेमारीचा नायलॉनचा दोरा बसवायला सोपा म्हणून लोकप्रिय आहे. तो हवेतली आर्द्रता शोषून लांबतो आणि सतत ताणाखाली हळूहळू सैलही पडतो. चार महिन्यांनी ढिलं पडलेलं चाक हे बऱ्याचदा नायलॉनचं असतं. फ्लुओरोकार्बनचा दोरा पाणी जवळजवळ शोषत नाही; दोराच हवा असेल तर तो.

*टायर.* रबराचा टायर ताणून चढवला की तो रिमला सगळीकडून आत दाबतो. धातूच्या रिमला काही होत नाही. स्टायरीनची एक मिमी जाडीची रिम मात्र दबते, त्रिज्या शतांश-दोन शतांश मिलिमीटरने कमी होते आणि वरच्या हिशेबाप्रमाणे सगळेच स्पोक एकदम फुगतात. टायर चढवल्यावरच बाक येत असेल तर शोध इथे संपला. टायरच्या आतल्या भोकात रिमपेक्षा ०.२ मिमीची सूट ठेवा आणि दोन-तीन थेंब चिकटवा. जुन्या किटमधले व्हिनाइलचे टायर तर स्टायरीनच्या रिमवर थेट बसवूच नयेत. त्यांतला प्लास्टिसायझर बाहेर येऊन स्टायरीन विरघळवतो. टायर काढला तर रिम वितळलेल्या मेणासारखी त्याला चिकटून येते. मध्ये अॅल्युमिनियमच्या फॉइलची चिकटपट्टी गुंडाळा.

हब स्वतःभोवती फिरलेला

स्पोक सगळे ताठ आहेत, पण एकाच बाजूला कललेले आणि फोटोतल्या चाकापेक्षा क्रॉसिंग (स्पोक एकमेकांना ओलांडतात ती जागा) वेगळ्या ठिकाणी पडतंय: म्हणजे एका दिशेचे सगळे स्पोक आधी ओढले गेले आणि त्यांनी हब पिळला. नंतर उलट दिशेचे स्पोक घातले तरी हब परत येत नाही, कारण पहिले तोवर चिकटलेले असतात.

४८ स्पोकचं चाक उदाहरणादाखल घ्या: आतल्या कडीवर २४, बाहेरच्या कडीवर २४, आणि प्रत्येक कडीवर निम्मे पुढे झुकलेले, निम्मे मागे. (तुमच्या गाडीला किती ते फोटोतून चाकाचा पाव भाग मोजून ठरवा. ४८, ६०, ७२ असे वेगवेगळे असतात, आणि एकाच गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत फरक असू शकतो.) गाडीच्या आतल्या बाजूची कडी आधी. पुढे झुकणारा एक घाला, लगेच त्याच्या शेजारचा मागे झुकणारा घाला. मग ही जोडी १८० अंशांवर, मग ९० वर, मग २७० वर. या आठ स्पोकवर हब स्थिर होतो. इथे थांबा, जिगमध्येच इपॉक्सी बसू द्या, दुसऱ्या दिवशी सुईखाली फिरवून बघा. आउट असेल तर आठ स्पोक बदलणं परवडतं, ४८ नाही. बाकीचे नंतर जोडीजोडीने भरत जा, समोरासमोर.

बाहेरच्या कडीचे स्पोक घालायला चाक उलटं करायची गरज नाही. मात्र ते घालण्याआधी ब्रेक ड्रम मागून एकदा बसवून बघा. हबच्या मागे जागा कमी निघाली आणि ड्रम आतल्या स्पोकना घासतोय हे शेवटी कळण्यासारखं दुर्दैव नाही.

बुगाटी टाइप ५९ची गोष्ट वेगळी. तिच्या चाकातल्या बारीक पियानो वायर सरळ त्रिज्येवर बसतात आणि फक्त वजन पेलतात. ब्रेकचा आणि इंजिनचा पीळ मागच्या दातेरी तबकडीतून रिमपर्यंत जातो. मॉडेलमध्येही नेमकं तेच करा: आधी तबकडी हबला आणि रिमला चिकटवा, तारा नंतर. तबकडीशिवाय आधी तारा ओढल्या तर हब हाताच्या नुसत्या स्पर्शाने पिळतो, कारण त्याला अडवणारी एकही तिरकी तार नसते.

भोकं भरकटतात, बिट मोडतात

रिमवर २४ खुणा करायला १६ मिमी व्यासावर थेट पेन्सिल चालवू नका. तिथे अर्ध्या मिलिमीटरची चूक साडेतीन अंशांची होते. त्याऐवजी १०० मिमी व्यासाची विभागणी-तबकडी कागदावर छापा, रिम तिच्या मधोमध बसवा आणि रेषेवर ठेवलेल्या पट्टीने खूण आत आणा. तीच अर्ध्या मिमीची चूक आता जेमतेम अर्ध्या अंशाची राहते. छापताना प्रिंटर १०० टक्क्यांवरच आहे ना ते बघा आणि छापून आल्यावर आडवा-उभा असे दोन्ही व्यास मोजा; काही प्रिंटर एका दिशेला किंचित ओढतात.

०.२ ते ०.३ मिमीचे कार्बाइडचे ड्रिल बिट हाताने वापरायच्या पिन व्हाइसमध्ये मोडणारच. ते ताठ पण ठिसूळ असतात, हात जरासा कलला की तुटतात. हाताने काम करायचं तर हाय स्पीड स्टीलचा बिट, चकच्या बाहेर फक्त ४-५ मिमी काढून. आधी सुईने खड्डा पाडा, तेलाचा पुसट हात द्या आणि बिटच्या व्यासाएवढं खोल गेलं की बाहेर काढून चुरा झटका. पितळात बिट एकदम खेचला जातो, भोक आरपार होताना सर्वांत जास्त मोडतात. तिथे दाब जवळजवळ शून्य ठेवा.

भोक तारेच्या नेमक्या मापाचं पाडणं ही दुसरी चूक. स्पोक त्रिज्येवर नसतो, तिरका निघतो. घट्ट भोकात तोंडाशीच तारेला मुरड पडते आणि ती मुरड पुढे बाकासारखी दिसते. ०.२ मिमीच्या तारेला हबमध्ये ०.२५ आणि रिममध्ये ०.३ मिमीचं भोक द्या. फट निपलखाली, म्हणजे स्पोकच्या टोकावरच्या बारीक नळीखाली, लपते.

निपलसाठी इंजेक्शनची स्टेनलेस सुई उत्तम. २७ गेजची बाहेरून ०.४१ आणि आतून ०.२१ मिमी असते, ०.२ च्या तारेवर बेताची सरकते. १/१२ ला २३ गेज: बाहेरून ०.६४, आतून ०.३४, तिथे ०.३३ ची तार. कापताना आत तार ठेवूनच कटिंग डिस्क लावा, नाहीतर तोंड चेपतं. तुकडा ०.७ ते ०.८ मिमीचा. ४८ तुकड्यांचा कंटाळा येत असेल तर कीटक टोचायच्या स्टेनलेस पिना वापरून पाहा, पण १/१२ मध्येच: ०० नंबरची ०.३० मिमी, ० नंबरची ०.३५ मिमी असते आणि तिचं डोकं हबच्या कडीत आयतं अडकतं. १/२४ ला ०००ची ०.२५ मिमीही जाडच दिसते.

जिग

६ मिमी जाडीचा अॅक्रिलिक किंवा अॅल्युमिनियमचा सपाट तुकडा, मधोमध हबच्या भोकात हलणार नाही अशी पिन, भोवती रिम बसेल अशी रिंग किंवा १२० अंशांवर तीन खुंट्या. हब किती वर हवा ते पत्र्याच्या किंवा स्टायरीनच्या चकत्यांनी ठरवा. लाकडाचा आणि एमडीएफचा तळ नको, तो हवेप्रमाणे वळतो. पिन आणि हब यांत ०.१ मिमीची खेळती फट असेल तर तेवढा आउट चाकात उतरतोच, हे विसरून लोक नंतर स्पोकना दोष देतात.

रिमच्या खाली पट्टी अशी ठेवा की रिमची बाहेरची बाजू, जिथे स्पोकची शेपटं निघतात, चारही बाजूंनी मोकळी राहील. मग अख्खी जिग उभी धरा, जो स्पोक चिकटवायचा तो खाली सरळ लोंबेल इतकी फिरवा, शेपटाला २०-३० ग्रॅमचा चिमटा अडकवा आणि बाहेरून भोकाशी पातळ सुपर ग्लूचा एक कण तारेच्या टोकाने टेकवा. ग्लू स्वतःहून आत ओढला जातो. अर्धा मिनिट थांबून चिमटा पुढच्या स्पोकला. या वजनाने तार लांबत नाही, फक्त तिच्यातली ढिलाई निघते. तेवढंच हवं आहे. सगळे झाल्यावर बाहेरच्या खोबणीत सावकाश बसणाऱ्या इपॉक्सीचा पातळ थर द्या, रात्रभर ठेवा, आणि मगच शेपटं छाटून कानशीने सपाट करा. कटरने छाटताना बसणारा झटका नुसत्या सुपर ग्लूला सोसत नाही. रिमपासून एक मिमी सोडून कापा.

चिकटवण्याआधी तार ६०० नंबरच्या पॉलिश पेपरमधून एकदा ओढा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तार ओढताना लावलेलं तेल अजून तिच्यावर असतं, आणि स्टेनलेसवर ग्लू सुटायचं ते सर्वांत सामान्य कारण आहे. पॉलिश केलेल्या रिमवर सुपर ग्लूची पांढरी बुरशीसारखी छटा येत असेल तर ती वाफेची आहे: कमी वासाचा ग्लू घ्या, चाक डबीत बंद करू नका, वारा हळू खेळता ठेवा.

रिम अंडाकृती असेल तर

लेथवर कातलेल्या रिमला हा त्रास क्वचित. स्टायरीनच्या पट्ट्या एकावर एक गुंडाळून केलेल्या रिमला नेहमीचा. सगळे सांधे एकाच जागी आले की तिथे फुगवटा येतो. दर थराचा सांधा १२० अंश पुढे न्या. द्रव सिमेंट सुकलं असं वाटतं तेव्हाही आत द्रावक शिल्लक असतो आणि तो उडेपर्यंत रिम आकसत राहते. किमान ४८ तास, आणि तेही ज्या गोल दांड्यावर गुंडाळली तिच्यावरच ठेवून. ओल्या रिमला स्पोक लावले तर आकसणाऱ्या रिमने ते सगळे फुगणारच.

माप तपासून घ्या: १६ इंची चाकाची टायर बसायची जागा खऱ्यात सुमारे ४०६ मिमी, म्हणजे १/२४ ला १६.९ आणि १/१२ ला ३३.८ मिमी. बाहेरच्या कडेचा व्यास याहून मोठा असतो. "सोळा इंच" हे कडेचं माप समजून केलेल्या रिमवर टायर कधीच नीट बसत नाही.

रंगानंतर स्पोक जाड दिसतात

खरा स्पोक चार-पाच मिमीचा. १/२४ ला ०.१७ ते ०.२, १/१२ ला ०.३३ ते ०.४. प्रायमर आणि रंग मिळून ०.०३ मिमीचा थर धरला तरी दोन्ही बाजूंनी ०.०६ वाढतात, ०.१७ ची तार ०.२३ होते. रंगवायचं चाक असेल तर ०.१५ ची तार घ्या, फवारा पातळ आणि दोन्ही बाजूंनी तिरका मारा. ब्रश नको, क्रॉसिंगवर रंगाचे पडदे साचतात. क्रोमचे स्पोक हवे असतील तर स्टेनलेस उघडंच ठेवा, त्यावर लॅकरही नको. आणि ओल्या रंगाचं चाक ड्रायरने वाळवू नका: स्टायरीन धातूच्या कितीतरी पट फुगतं, आणि ग्लूचे सांधे तेव्हाच सुटतात.

झालेलं चाक वाचवायचं असेल तर

बाक आलेला एकटा-दुकटा स्पोक चिमट्याने सरळ करायला जाऊ नका, त्याला मुरड पडते आणि मुरड कायमची. धातूच्या रिमवर सुपर ग्लू असेल तर ब्रशच्या टोकाने फक्त रिमच्या बाहेरच्या भोकाशी अॅसिटोन लावत राहा. सांधा सैल झाला की स्पोक बाहेरून ओढा आणि परत चिकटवा. शेपूट आधीच छाटलं असेल तर ओढायला काही उरत नाही. तो स्पोक कापून नवा घाला. स्टायरीनच्या रिमवर अॅसिटोन अजिबात नाही, ती जागीच विरघळते. तिथे कापणं हाच उपाय.

एका चाकात सहाहून जास्त स्पोक बदलायचे असतील तर चाक नवीन करा. वेळ कमी लागतो.

हबवरचा कानांचा नट बसवताना दिशा बघून घ्या. रज पद्धतीच्या, म्हणजे मधल्या एकाच नटाने आवळायच्या चाकात गाडीच्या डाव्या बाजूला उजवे आटे आणि उजव्या बाजूला डावे आटे असतात, म्हणजे नट सैल करायची दिशा दोन्हीकडे चाक पुढे फिरायच्या दिशेचीच येते. नटावर सैल करायचा बाण कोरणार असाल तर चारही नट एकाच साच्यातून ओतून चालत नाही: डाव्या बाजूचे दोन आणि उजव्या बाजूचे दोन असे वेगळे मास्टर लागतात.